डाव्या पायाचं माप

ग्रंथालयाच्या तळघराला एक खिडकी आहे, पण ती थेट रस्त्याच्या पातळीला. आतून बघितलं तर बाहेरच्या माणसांची नुसती पावलं दिसतात. त्या खिडकीशी बसून एक बाई तेवीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधत आल्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. बाकी सगळ्यांच्या तोंडी त्या खळताई, कारण पुस्तकं चिकटवायची खळ त्या स्वतः शिजवायच्या. तयार डबे मिळायला लागून जमाना झाला, वरिष्ठांनी चार वेळा सुचवूनही झालं. पण ताईंचं ठरलेलं उत्तर होतं, "डब्यातल्या खळीला वास छान असतो, पकड नसते. माणसंही असतात तशी."

त्या आल्या होत्या तीन महिन्यांसाठी, बदली कामगार म्हणून. जुना बाइंडर रजेवर गेला तो परत आलाच नाही आणि ताई राहिल्या त्या राहिल्याच. सुटे झालेले फर्मे, म्हणजे घडीच्या पानांचे जुडगे, जुळवायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक करून शिवायचे, कण्याला कापड लावायचं, पुठ्ठा चढवायचा आणि रात्रभर दाबात ठेवून द्यायचं. सकाळी दाब सैल करून पुस्तक हातात घेतलं की त्या एकदा ते उघडायच्या, मिटायच्या आणि म्हणायच्या, "जा आता." एवढाच त्यांचा निरोप समारंभ.

घरी नवरा. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. नवऱ्याचं गल्लीच्या तोंडाशी सोफे-खुर्च्या शिवायचं दुकान. कुठलंही काम हातात घेतलं की हा गृहस्थ आधी सगळं उसवणार. गिऱ्हाईक म्हणे, नुसता वरचा कपडा बदला. हे म्हणणार, आत काय मेलंय ते बघितल्याशिवाय वर नवा कपडा घालायचा नाही. म्हणून गल्लीने त्यांचं नाव उसवेमामा पाडलं आणि दुकानाच्या पाटीवरच्या नावापेक्षा तेच जास्त चाललं.

दोन वर्षांपूर्वी ताई वरच्या मजल्यावरून मासिकांचे अकरा जाडजूड खंड छातीशी धरून लोखंडी जिन्याने उतरत होत्या. एका खेपेत होतंय तर दोन खेपा कशाला, हा त्यांचा जन्माचा बाणा. शेवटून चौथ्या पायरीवर पाय सटकला. खंड त्यांनी सोडले नाहीत, म्हणून हात टेकता आले नाहीत, आणि सगळा भार डाव्या गुडघ्यावर आला. वाटीचे तीन तुकडे झाले. "खंडांना ओरखडासुद्धा नाही हं," असं त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, जणू सौद्यात फायदाच झाला होता.

शस्त्रक्रिया झाली, वाटी तारेने बांधली गेली, पायाचा पट्टा निघाला. ताई परत कामावर आल्या, पण गुडघा पूर्वीचा राहिला नाही. खुर्चीत बसताना वाकतो तेवढा काटकोनात यायचा आणि तिथेच थांबायचा, कुलूप घातल्यासारखा. तळघरातलं काम बसून करायचं, ते निभलं. जीव खाल्ला तो रस्त्याने. घर ते ग्रंथालय पावणेतीन किलोमीटर. चालत निघालं तर निम्म्या वाटेत गुडघा सुजून टम्म. बसने जावं तर बसची पहिली पायरी उंच. ताई कठडा धरून आडव्या होऊन, खेकड्यासारख्या वर चढायच्या. मागची माणसं वाईट नव्हती, थांबायची बिचारी. पण त्यांचं ते थांबणंच ताईंच्या पाठीला टोचायचं.

व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण तरुण होती, ताईंच्या मुलीच्या वयाची. एक दिवस गुडघा हातात धरून तिने विचारलं, "मावशी, सायकल येते का तुम्हाला?"

"येत होती. भावाच्या सायकलवर हाफ पायडल मारून शिकले होते. तेरा वर्षांची होते तेव्हा."

"मग चालवा की. पायावर वजन येत नाही, गुडघा हलता राहतो. औषधापेक्षा बरं."

ताईंनी घरी येऊन हे हसण्यावारी नेलं. एकोणपन्नासाव्या वर्षी सायकल! उसवेमामा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा डोक्यात काहीतरी शिवत असतात, हे ताईंना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. पण नाही कळलं.

तीन आठवड्यांनी मामांनी दारात सायकल आणून उभी केली. गर्द हिरवी, जुन्या धाटणीची. मधला दांडा खाली वाकवलेला, चेनला पूर्ण झाकण, मडगार्डवर बारीक सोनेरी रेघ, पुढे गोल पितळी दिवा. चामड्याची अरुंद, तपकिरी सीट आरशासारखी चकाकत होती. सायकलच्या दुकानदाराची सगळी जुनी बैठक, आठ खुर्च्या आणि दोन कोच, मामांनी नव्याने शिवून दिली होती आणि त्याच्या बदल्यात ही आणली होती. तीन आठवडे रोज आपलं दुकान बंद केल्यावर ते तिकडे जाऊन वाकून वाकून खिळे ठोकत होते. पाठ धरली होती, तरी चेहरा असा, की लग्नातही एवढा फुललेला नव्हता.

"बस की," मामा म्हणाले.

ताई बसल्या. गल्लीला किंचित उतार होता, त्यावर सायकल आपसूक घरंगळली. मामांनी टाळ्या वाजवल्या. उताराच्या शेवटी ताईंनी पायडल मारायला घेतलं. उजवा पाय खाली गेला, डावा वर येऊ लागला आणि अर्ध्यावर कुलूप लागलं. पायडलचा फेरा पुरा व्हायला गुडघा जेवढा वाकावा लागतो, तेवढा तो वाकेना. सीट इतकी कडक, की हाडं दगडावर टेकल्यासारखी वाटत होती. हँडल एवढं खाली आणि सरळ, की सगळा भार मनगटांवर. ताई उतरल्या, सायकल वळवून परत आल्या आणि म्हणाल्या, "छान आहे."

हे दोन शब्द त्यांना चांगलेच महागात पडले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ताई डबा कॅरियरला लावून, सायकल हातात धरून निघायच्या. मामा दुकानातून हात करायचे. कोपऱ्यापर्यंत ताई एक पाय पायडलवर ठेवून सायकल घरंगळवायच्या आणि वळण घेतलं की उतरून ढकलायला लागायच्या. तशी ढकलायला ती वाईट नव्हती. हँडलला धरून चाललं तर काठीसारखा आधार मिळायचा. पण पावणेतीन किलोमीटर सायकल ढकलत जायचं आणि संध्याकाळी तशीच ढकलत आणायची! परत येताना गल्लीत चढ, तिथे ढकलत आणलेली कुणाला खटकायची नाही. असे अकरा दिवस गेले. सांगून टाकावं असं रोज वाटायचं आणि रोज संध्याकाळी मामा फडक्याने तो पितळी दिवा पुसत बसलेले दिसायचे.

वाटेत, एका बंद गोदामाच्या कडेला, पत्र्याच्या दाराचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यातले मिस्त्री सत्तरीचे. उभं आयुष्य कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर काढलेलं, निवृत्त झाल्यावर एक जुना छोटा लेथ घेऊन इथे बसलेले. बोलणं मोजकं. बाराव्या दिवशी ताई समोरून जाताना ते दारात उभे होते.

"बाई," ते म्हणाले, "सायकल माणसाला नेते असं ऐकून होतो. तुम्ही रोज सायकलला नेताय."

ताईंच्या नाकाला मिरची झोंबली. "तुम्हाला काय करायचंय?" म्हणून त्या तरातरा, म्हणजे लंगडत जमेल तेवढ्या तरातरा, निघून गेल्या. दिवसभर फर्मे शिवताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना आणि दुपारी एकटीलाच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दुकानाबाहेर एक लाकडी खुर्ची ठेवली होती. ताई थांबल्या, सायकल भिंतीला टेकवली आणि बसल्या.

"कुठे अडतं?" मिस्त्रींनी विचारलं.

ताईंना दोन वर्षांत भेटलेल्या प्रत्येकाने 'काय झालं?' म्हणून विचारलं होतं. ते सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली होती. 'कुठे अडतं?' हे या माणसाने पहिल्यांदा विचारलं. त्यांनी साडी सावरून गुडघा वाकवून दाखवला, जिथे थांबतो तिथपर्यंत. मिस्त्रींनी कोन मोजायची पितळी पट्टी बाजूने धरली, पायाला हात न लावता, आणि आकडा खडूने दारावर लिहिला. मग सायकल उलटी केली, पायडल फिरवलं, परत मोजलं, परत लिहिलं.

"गुडघ्यात खोट नाही," ते म्हणाले. "पायडल गोल फिरतं तो गोल मोठा आहे. तुमच्या गुडघ्यात मावेल एवढा लहान करायचा. फक्त डावीकडचा."

"असं करता येतं?"

"का नाही? लोखंड आहे. डॉक्टरांना हाड मिळतं, आपल्याला लोखंड मिळतं. आपलं काम सोपं."

बेत असा होता. पायडल ज्या दांड्याच्या टोकाला बसतं, त्या दांड्यावर पोलादाची एक जाड पट्टी घट्ट आवळायची. पट्टीत तीन भोकं पाडायची, एक दांडा जिथे फिरतो त्या मध्याजवळ, दुसरं थोडं बाहेर, तिसरं आणखी बाहेर. पायडल आधी पहिल्या भोकात लावायचं. गुडघा मोकळा होत गेला तर पुढच्या भोकात. "घाई नाही," मिस्त्री म्हणाले. "पट्टी कुठे पळून जात नाही." शिवाय हँडल उंच करून मागे वळवायचं, म्हणजे पाठ ताठ राहील. ब्रेकची कडक दांडी बदलून बोटांना झेपेल अशी लावायची. सीटचं मात्र त्यांनी तोंड वाकडं करून सांगितलं, "ही सीट दिसायला नवरी आणि बसायला सासू. हिचं काय करायचं ते बघू."

एक अडचण निघाली. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सरळ असते तर चालवता चालवता पायडल आपोआप सैल होऊन रस्त्यात पडलं असतं. उलटे आटे पाडायचं हत्यार मिस्त्रींकडे नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा कारखान्यातला जुना सोबती राहायचा. त्याच्याकडे असेल म्हणून हा सत्तरीचा माणूस दोन बस बदलून गेला, सोबत्याची पेटी उपसली आणि हत्यार रुमालात गुंडाळून घेऊन आला. ताईंना त्यांनी एवढंच सांगितलं, "मिळालं."

ताईंनी सायकल त्यांच्याकडे ठेवली आणि पुन्हा बसची पायरी धरली. घरी सांगितलं की पाय थकलाय, म्हणून सायकल थोडे दिवस ग्रंथालयाच्या स्टँडवरच ठेवते आणि जाऊन-येऊन बसने करते. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचं अस्तर.

चार दिवसांनी ताई डबा घरीच विसरल्या. मामा दुकान शेजाऱ्यावर सोपवून डबा घेऊन ग्रंथालयात गेले. स्टँडवर सायकल नाही. पहारेकऱ्याला विचारलं तर तो भाबडा माणूस म्हणाला, "सायकल चार दिवस दिसली नाही बघा. पण ताई ती चालवत कुठे होत्या? ढकलतच आणायच्या रोज. आम्हाला वाटलं, पंक्चर आहे."

मामांनी डबा त्याच्याच हातात दिला आणि तळघरात न उतरता परत गेले.

संध्याकाळी ताई घरी आल्या तेव्हा दुकान वेळेआधी बंद होतं आणि मामा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. ताईंनी पिशवी ठेवली. पहारेकऱ्याने डबा देताना त्यांना सगळं सांगितलंच होतं.

"अहो," त्यांनी सुरुवात केली.

"चालवता येत नाही?"

"नाही."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मामा टेबलावरचा एक ओरखडा अंगठ्याने घासत राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी जगाच्या बुडाखालचं मोजून शिवतोय. हा जाडा, तो किडकिडीत, ही म्हातारी उजव्या अंगावर बसते. गिऱ्हाईक दारातून आत आलं की मला कळतं. आणि घरच्या माणसाचं माप घ्यायचं मला सुचलं नाही. रंग बघितला, दिवा बघितला. तुझा गुडघा नाही बघितला."

"तुम्ही इतक्या हौसेने आणली..."

"म्हणून तू इतके दिवस ढकललीस? अगं, मी काय परका होतो? सांगितलं असतंस तर रागावलो असतो फार तर. जेवलो नसतो एक वेळ. त्यात काय मोठं?"

ताईंना रडू आणि हसू एकदमच आलं, कारण मामा एक वेळ जेवले नाहीत असं आजवर कधी घडलंच नव्हतं. त्यांनी मिस्त्रींची सगळी हकिकत सांगितली, पट्टी, तीन भोकं, उलटे आटे. मामा ऐकत गेले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "सीटचं काय म्हणाला तो?"

ताईंनी नवरी-सासूची गोष्ट सांगितली. मामा ताडकन उठले. "सीट मी करणार."

दुसऱ्या दिवशी ते मिस्त्रींच्या दुकानात गेले आणि दारातच थबकले. त्यांची हिरवीगार लाडकी सायकल सुटी होऊन पडली होती. हँडल एकीकडे, चाकं दुसरीकडे, चेनचं झाकण खिळ्याला टांगलेलं. मग स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे. आधी उसवायलाच लागतं." मिस्त्रींनी मान वर करून या माणसाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. दोघांचं तिथेच जमलं.

जमलं, पण पटलं नाही. मिस्त्री मिलीमीटरमध्ये बोलायचे, मामा बोटांमध्ये.

"सीट एकशे ऐंशी मिलीमीटर रुंद पाहिजे."

"म्हणजे किती बोटं?"

"कुणाची बोटं?"

"माझी! सीट मी शिवतोय, मग काय तुमची?"

हा तंटा ताईंनी सोडवला. त्यांनी तळघरातून मऊ पुठ्ठ्याचा एक तुकडा आणला, दुकानातल्या बाकड्यावर ठेवला आणि दोघांना पाठ करून उभं राहायला सांगून त्यावर चांगल्या पाच मिनिटं बसून राहिल्या. उठल्या तेव्हा पुठ्ठ्यावर दोन हाडांचे दोन खळगे उमटले होते. "घ्या," त्या म्हणाल्या. "मिलीमीटर पण यातच आहेत, बोटं पण यातच."

मामांनी तीन वेळा सीट केली. पहिली इतकी मऊ की ताई तिच्यात रुतल्या. दुसरी चांगली होती, पण मांडीला घासत होती. तिसऱ्यात त्यांनी खाली दोन स्प्रिंगा घेतल्या, त्यावर नारळाच्या काथ्याची घट्ट गादी, त्यावर लोकर दाबून केलेल्या नमद्याचे दोन थर, मधोमध बोटभर रुंद पन्हळ, आणि वरून जुन्या सीटचंच तपकिरी चामडं, बाजूने नवी पट्टी जोडून. ताईंनीही हात राखला नाही. पुस्तकांच्या कण्यासाठी आणलेल्या चामड्याचे कापून उरलेले तुकडे त्यांनी परवानगीने घेतले आणि हँडलच्या मुठी मेणाच्या दोऱ्याने स्वतः शिवल्या. मिस्त्रींनी शिवण बघितली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "टाके सारखे आहेत." त्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी होती, हे ताईंना पुढे कळलं.

सायकल तयार झाली ती एका सुट्टीच्या सकाळी. गोदामासमोर मोकळं सिमेंटचं पटांगण होतं. ताई बसल्या. मामांनी मागून कॅरियर धरला. मिस्त्री बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून.

उजवा पाय खाली गेला. डावा वर येऊ लागला. त्या जागेची, त्या कुलपाची त्यांना दोन वर्षं ओळख होती. पायडल वर आलं, गुडघा वाकला, आणखी थोडा वाकला, आणि कुलूप लागायच्या आधीच पायडल पुढे निघून गेलं. फेरा पुरा झाला. मग दुसरा. डाव्या बाजूने लहान गोल, उजव्या बाजूने मोठा. बघणाऱ्याला ती चाल जरा लंगडीच दिसली असती, पण चाक सरळ धावत होतं.

"सोडू का?" मामांनी धापा टाकत विचारलं.

"सोडा!"

"सोडलंय कधीच!" ते मागून ओरडले.

ताईंनी पटांगणाला चौदा फेऱ्या मारल्या. चौदा हा आकडा मिस्त्रींचा, त्यांनी मोजल्या होत्या. पंधराव्या फेरीला ताईंना आठवलं की थांबायचं कसं हे कुणी सांगितलंच नाही. त्यांनी दोन्ही ब्रेक एकदम दाबले, सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि त्या मामांच्या अंगावर कलंडल्या. कुणाला काही लागलं नाही. मामा खाली बसूनच म्हणाले, "सीट कशी आहे ते सांग आधी."

"सीट?" ताई म्हणाल्या. "सीट आहे हे लक्षातच आलं नाही."

मामांनी डोळे पुसले. या धंद्यात याहून मोठी पावती नसते.

पुढचा आठवडाभर ताई सकाळी लवकर पटांगणात सराव करायच्या. मग एका सोमवारी त्या रस्त्यावर आल्या. मोठ्या चौकात त्यांनी उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडला. त्यात कसली लाज? पुढे बेकरीचा उबदार वास, शाळेची लांबलचक भिंत, पुलाचा छोटासा चढ. चढावर दम लागला, पण उतारावर वारा कानात शिरला आणि ताईंना उगाचच मोठ्याने काहीतरी म्हणावंसं वाटलं. ग्रंथालयाच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा पहारेकऱ्याने घड्याळ बघितलं. नेहमीची बस अजून यायची होती.

त्या दिवशी तळघरात बसल्यावर त्यांच्या मनात आलं की मिस्त्रींना आपण काय देणार? मजुरी त्यांनी घेतली होती, पण ती एखादं पंक्चर काढल्यासारखी. जास्त देऊ केलं तर म्हणाले, "लोखंडाचं झालं ते घेतलं." आभार मानावेत तर ताईंना ते नीट जमायचं नाही. जन्मभर पुस्तकांशी बोललेल्या बाई त्या, माणसांसमोर शब्द अडकायचे. दोनदा दुकानात जाऊन, घसा खाकरून, "ब्रेक छान लागतात हं," एवढंच बोलून परत आल्या.

तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मिस्त्री लेथजवळच्या फळीवरून एक वही काढून काहीतरी शोधत होते. वही कसली, लक्तरं. कारखान्यात लागल्या दिवसापासून त्यांनी लिहिलेली मापं होती ती. आट्यांची कोष्टकं, कुठल्या लोखंडाला किती वेग, कुठल्या यंत्राची काय खोड. पानं तेलाने पारदर्शक झालेली, कडा कुरतडलेल्या, सगळा गठ्ठा सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधलेला. ताईंच्या पायडलची पट्टी याच वहीतल्या कोष्टकावरून झाली होती.

ताईंनी हात पुढे केला. "द्या."

"काय?"

"वही. पंधरा दिवस लागतील."

मिस्त्रींनी वही छातीशी धरली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीतीसारखं काहीतरी दिसलं. "एक पान गेलं तर..."

"मिस्त्री," ताई म्हणाल्या, "मी माझा पाय तुमच्या हातात दिला. तुम्ही वही देऊन बघा."

ताईंनी कामाची वेळ संपल्यावर रोज तासभर बसून ती वही बांधली. प्रत्येक पान खडूच्या पुडीने पुसून तेल शोषून घेतलं. फाटलेल्या कडांना मागून पातळ कागद लावला. सुटी पानं जोडून फर्मे केले, ते शिवले. कणा असा ठेवला, की कुठलंही पान उघडलं तर ते आपोआप सपाट पडून राहावं, कारण लेथवर काम करणाऱ्याचे हात वही धरायला मोकळे नसतात. वर जाड, पुसता येईल असं मेणकापड. शेवटी चाळीस कोरी पानं घातली.

मिस्त्रींनी वही बाकड्यावर ठेवली, मधेच उघडली आणि हात काढून घेतला. पान मिटलं नाही. दुसरीकडे उघडली. तिथेही नाही. मग शेवटची कोरी पानं बघून विचारलं, "ही कशाला?"

"पुढच्यासाठी."

"बाई, मी सत्तर पार केली."

"मग काय झालं? घाई नाही. पानं कुठे पळून जात नाहीत."

मिस्त्री यावर हसले. दात फारसे नव्हते त्यांना, पण हसू भरघोस होतं.

कोऱ्या पानांपैकी पहिल्या पानावर ताईंच्या गुडघ्याचं माप गेलं. दुसऱ्यावर एका पोस्टमनच्या खुब्याचं. त्याला त्या तरुण डॉक्टरणीनेच पाठवलं. ताई तपासणीला सायकलवरून गेल्या होत्या आणि ती पट्टी बघायला डॉक्टरीण दवाखान्याबाहेर रस्त्यावर उकिडवी बसली होती. पोस्टमननंतर एक शाळामास्तर आले, मग एक बाई, जिला पायाचा पंजा नीट मुडपता येत नव्हता. मिस्त्रींना काम वाढलं आणि सीटसाठी ते सगळ्यांना मामांच्या दुकानात पाठवू लागले. मामांच्या दुकानात आता मऊ पुठ्ठ्याची चवड असते. ती ताई पुरवतात.

पाच महिन्यांनी गुडघा थोडा मोकळा झाला आणि मिस्त्रींनी पायडल दुसऱ्या भोकात बसवलं. तिसऱ्याची वेळ आली नाही. वर्षाच्या शेवटी डॉक्टरणीने परत कोन मोजला आणि जड आवाजात सांगितलं, की आता यापुढे फार काही होणार नाही, हा एवढाच. ताईंना वाईट वाटेल म्हणून तिने त्यांचा हात धरला होता.

ताईंना वाटलं थोडं. पण खरं सांगायचं तर फार नाही. त्यांना बाहेर टेकवलेली सायकल दिसत होती. तीन आठवडे पाठ मोडून ती आणणारा माणूस आठवत होता आणि रुमालात हत्यार बांधून दोन बस बदलणारा म्हातारा. खुद्द ही पोरगीही, जिने सायकल हा शब्द पहिल्यांदा काढला. एका गुडघ्याच्या वाटीमागे इतकी माणसं गोळा झाली होती. त्या म्हणाल्या, "तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर." शब्द अडकला नाही, सरळ बाहेर आला, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"दुखतो का अजून?" डॉक्टरणीने विचारलं.

"दुखतो की. थंडीत जास्त. पण बसून दुखायच्या ऐवजी आता जाता-येता दुखतो. त्यात दिवस बरा जातो."

मग त्यांनी चपला घातल्या, बाहेर येऊन सायकल भिंतीपासून सोडवली आणि दुपारच्या मोकळ्या रस्त्याने कामावर गेल्या. दाबात ठेवलेली सहा पुस्तकं त्यांची वाट बघत होती.